शेपटीची शर्यत

परतूरहून आष्टीत आलेली एसटी थांबली की खाली उतरून तिच्याभोवती एक चक्कर मारावी. पुढच्या काचेवर फार तर चार-दोन किडे चिकटलेले असतात. बाजूच्या पत्र्यावर धुळीचा पातळ थर असतो. मागच्या बाजूला मात्र वाटेतल्या काळ्या रानाची सगळी माती येऊन बसलेली असते. काच करडी पडलेली, नंबरप्लेटचे आकडे निम्मे झाकलेले आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने गिरवलेलं नाव. गाडी पळते पुढे, धूळ उडते चाकांखालून. मग ती रस्त्यावरच मागे राहून जायची सोडून गाडीच्या पाठीला येऊन का चिकटते?

पुलाच्या खांबाशी पुराचं पाणी पाहिलं असेल, तर उत्तर निम्मं हाती आलंच म्हणायचं. पाणी खांबाच्या पुढ्यात दुभंगतं, दोन्ही अंगांनी सरकतं. पण खांबाच्या लगेच मागे त्याला नीट मिळता येत नाही. तिथे भोवरे फिरत राहतात आणि काडीकचरा त्यातच घुटमळतो. बसच्या मागेही हवेचं हेच होतं. पुढून फाटलेली हवा छतावरून आणि बाजूंनी वेगाने मागे येते आणि अचानक पत्रा संपतो. इतक्या झटक्यात वळून मागची जागा भरणं हवेला जमत नाही. त्यामुळे बसच्या पाठीशी कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो. चाकांनी उडवलेली धूळ त्यात ओढली जाते आणि पत्र्यावर बसते.

धूळ ही झाली फक्त खूण. खरं नुकसान वेगळंच आहे. पुढच्या तोंडावर हवेचा दाब जास्त आणि पाठीवर कमी, म्हणजे बसला सतत कुणीतरी मागे खेचतंय. वेग वाढला की ही ओढही वाढते, आणि तिला पुरून उरायला टाकीतलं डिझेल जळतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इटली, जर्मनी आणि फ्रान्समधल्या गाड्या बांधणाऱ्यांनी या ओढीशी उघड सामना मांडला. त्यातून एक देखणी जात जन्माला आली. घट्ट बंद छपराची, दोन माणसांची, मागे उतरत जाणाऱ्या पाठीची शर्यतीची कूपे. या गाड्या शहराबाहेरच्या मैदानात गोल गोल फिरण्यासाठी नव्हत्या. हजार-दीड हजार किलोमीटर पळायचं, तेही तुमच्याआमच्या वापरातल्या रस्त्यांवरून, हे त्यांचं काम.

वाऱ्याचा हिशेब

हवेचा रोध चार गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, गाडी समोरून किती मोठी दिसते ते क्षेत्रफळ, गाडीचा आकार आणि वेग. यातला वेग हा सगळ्यात खर्चिक गडी. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, आणि तो रोध तोडत त्या वेगाने पळायला लागणारी शक्ती आठपट होते. आकाराचा बरेवाईटपणा एका आकड्यात सांगतात. त्याला वायुरोध गुणांक म्हणतात. आकडा जितका लहान तितका आकार हवेच्या सोयीचा.

एक उदाहरण घेऊ. गाडीची समोरची बाजू दोन चौरस मीटर आहे आणि गुणांक ०.६ आहे. त्या काळच्या उघड्या, उभ्या रेडिएटरच्या गाडीला हा आकडा मुळीच जास्त नव्हता. ताशी १०० किलोमीटरला केवळ हवा बाजूला सारायला साधारण २१ अश्वशक्ती लागतील. ताशी २०० ला तेच काम १६५ अश्वशक्ती मागेल. आता इंजिनाला हातही न लावता गुणांक ०.३ वर आणला, तर १६५ च्या जागी ८३ पुरतील. हाच हिशेब उलटा मांडला तर आणखी गंमत आहे. वरचा वेग १० टक्क्यांनी वाढवायचा, तर इंजिनाची ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. तेवढाच फायदा हवेचा रोध २५ टक्क्यांनी कमी करूनही मिळतो. त्या काळच्या शर्यतींत इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे गट पाडलेले असत: अकराशे सीसी, दीड लिटर, दोन लिटर. गट ठरला की इंजीन मोठं करण्याची वाट बंद. उरली ती पत्रा वाकवण्याची वाट.

पत्रा नेमका कुठे वाकवायचा? बहुतेकांना वाटतं, नाकाशी. टोकदार नाक हवा कापत जाईल, असं आपलं मन सांगतं. प्रयोगशाळेचं म्हणणं वेगळं आहे. वर्तुळाकार सपाट तबकडी वाऱ्यासमोर उभी धरली तर गुणांक १.१ च्या आसपास येतो. अर्धगोल घ्या, गोल बाजू वाऱ्याकडे आणि सपाट बाजू मागे: आकडा साधारण ०.४ पर्यंत उतरतो. आता त्याच गोल नाकाला हळूहळू निमुळती होत जाणारी लांब शेपटी जोडा. आकडा थेट ०.०४ च्या घरात येतो. नाक तेच, पण शेपटी जोडताच रोध दहापट घटला. म्हणजे हवेला बाजूला सारणं अवघड नाही. बाजूला सारलेल्या हवेला पुन्हा सावकाश एकत्र येऊ देणं अवघड आहे. कूपेचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

ब्रेशियाचा रुसवा

उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहरात १९२१ साली इटलीची पहिली ग्रां प्री झाली. पुढच्याच वर्षी ती शर्यत मिलानजवळच्या मोंझाने पळवली. ब्रेशियाकरांना ते चांगलंच लागलं. ऐमो माज्जी आणि फ्रांको माझोत्ती हे दोन तरुण सरदार, रेंझो कास्तान्येतो हा संयोजक आणि जोव्हानी कानेस्त्रिनी हा पत्रकार अशा चौघांनी मिळून एक भन्नाट तोड काढली. बंदिस्त मैदान नको आणि ट्रॅकही नको. ब्रेशियाहून निघायचं, रोमला जायचं आणि परत यायचं. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे जवळपास एक हजार मैल. म्हणून नाव मिल्ले मिल्या.

पहिली शर्यत मार्च १९२७ मध्ये झाली. ब्रेशियातच बनणाऱ्या ओएम गाडीने ती जिंकली. मिनोया आणि मोरांदी या जोडीला २१ तास ५ मिनिटं लागली. सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर. अकरा वर्षांनी, १९३८ मध्ये, बिओंदेत्ती आणि स्तेफानी यांनी अल्फा रोमिओ ८सी २९००बी मधून जवळपास तेवढाच पल्ला ११ तास ५८ मिनिटांत संपवला. सरासरी ताशी १३५. सगळं श्रेय काही इंजिनाचं नाही. रस्ते सुधारले होते, टायर सुधारले होते. पण आता गाड्या तासन्‌तास दीडशेच्या पुढे पळत होत्या, आणि त्या वेगाला ब्रेक, गिअर, वळण यांच्याइतकीच हवाही प्रतिस्पर्धी होऊन बसते.

त्या वेळी आपला हा परतूर-आष्टीचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात. जालना जिल्ह्यात तो आला १९८१ साली. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग १९०० मध्येच सुरू झालेला होता. निजामाच्या रेल्वे खात्याने प्रवासी बस सुरू केल्या १९३२ मध्ये, तेव्हा साऱ्या संस्थानासाठी मिळून बस होत्या २७. ज्या वर्षी हैदराबादेत सरकारी बस रस्त्यावर आली, त्या वर्षी इटलीत मोटारींसाठीच राखलेला मिलान-वारेझे रस्ता वापरात येऊन आठ वर्षं झाली होती. रस्ता आधी आला आणि वेगवान गाडी त्याच्या मागोमाग, हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे.

विमानांकडून आलेली विद्या

हवेचं हे ज्ञान मोटारवाल्यांचं स्वतःचं नव्हतं. ते आलं आकाशातून. पाउल याराय हा व्हिएन्नात जन्मलेला अभियंता फ्रीडरिक्सहाफेनला झेपेलिनच्या कारखान्यात हवाई जहाजांचे आकार तपासत असे. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींनी जर्मनीच्या विमान उद्योगावर निर्बंध आले, तेव्हा त्याने कृत्रिम वारा सोडणाऱ्या वायुबोगद्यात मोटारींच्या प्रतिकृती ठेवल्या. थेंबासारख्या आकाराची, चाकं पोटात घेतलेली, वर दुसरा लहानसा थेंब बसवलेली मोटार कशी असावी, याचा पेटंट अर्ज त्याने १९२१ मध्ये केला. चेकोस्लोव्हाकियातल्या ताट्रा कंपनीने त्याच्या कल्पना घेऊन १९३४ मध्ये ताट्रा ७७ ही गाडी विकायला काढली. जर्मनीतल्या आडलर कंपनीच्या छोट्या बंद गाड्या तर याच वाटेने १९३७ आणि १९३८ मध्ये फ्रान्समधल्या ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या. इंजीन दोन लिटरच्याही आतलं. पण मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने त्या शेवटपर्यंत टिकल्या.

यारायच्या आकारात एक अडचण होती. हवेला खूश करणारी शेपटी इतकी लांब होते की गाडी गल्लीत वळायची नाही. स्टुटगार्टचे प्राध्यापक वूनिबाल्ड काम आणि राइनहार्ड फोन केनिग-फाखसेनफेल्ड यांनी यावर उपाय शोधला. पाठ हळूहळू उतरवत न्यायची, गाडीचा मागचा आडवा छेद पुरेसा आकसू द्यायचा आणि मग उरलेली शेपटी सरळ छाटून टाकायची. हवा अखेरपर्यंत पत्र्याला चिकटून आलेली असते, त्यामुळे मागे उरणारा भोवऱ्यांचा पट्टा लहान होतो. छाटलेल्या शेपटीने थोडं नुकसान होतं. पण लांबी आणि वजन वाचतं, त्यापुढे ते काहीच नाही. आजही या छाटलेल्या पाठीला कामचंच नाव आहे.

मिलानचे शिंपी

जर्मन मंडळी बोगद्यात मोजमाप करत होती, तेव्हा मिलानमध्ये कारोत्सेरिया तूरिंग ही कार्यशाळा हातोडी आणि पत्र्याने तोच धडा गिरवत होती. फेलिचे बिआंकी अँदेर्लोनी आणि गाएतानो पोंत्सोनी यांनी ती १९२६ मध्ये सुरू केली. कंपनीने सांगाडा आणि इंजीन द्यायचं, आणि अंगाबेताची बॉडी शिवायची तूरिंगने. बॉडी बनली की तिच्यावर कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, गाडी मोटाररस्त्यावर पळवायची आणि शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीतून फोटो काढायचे. पट्टी पत्र्याला लागून सरळ मागे फडफडत असेल, तर तिथे हवा नीट वाहते आहे. पट्टी उभी राहून वेडीवाकडी नाचत असेल, तर तिथे हवा पत्रा सोडून उधळली आहे. तो भाग पुन्हा ठोकायचा. वायुबोगदा नसलेल्यांसाठी ही नामी युक्ती होती, आणि तिला खर्च काय, तर कापडाचे तुकडे आणि थोडं पेट्रोल.

तूरिंगचं दुसरं अस्त्र म्हणजे सुपरलेज्जेरा पद्धत. बॉडीचा आकार आधी बारीक पोलादी नळ्यांनी उभा करायचा आणि त्यावर पातळ ॲल्युमिनिअमचा पत्रा चढवायचा. जुन्या लाकडी चौकटीपेक्षा हे कितीतरी हलकं. छप्पर घातलं की वजन वाढतं, म्हणून शर्यतवाले उघड्या गाड्याच पसंत करत. सुपरलेज्जेराने तो आक्षेप निकाली काढला. आता छप्पर वजनात फारसं भारी पडत नव्हतं, आणि त्याच्यावरून हवा विनातक्रार मागे सरकत होती. उघड्या गाडीत मात्र काचेवरून उडालेली हवा चालकाच्या डोक्याशी येऊन आदळते आणि सगळा आखीवपणा तिथेच संपतो.

ले मां, १९३८

या विद्येची मोठी परीक्षा झाली जून १९३८ मध्ये. अल्फा रोमिओने ८सी २९००बी च्या सांगाड्यावर तूरिंगकडून एक कूपे बनवून घेतली आणि ले मांला पाठवली. मागची चाकं आवरणाखाली, काचा अरुंद, पाठ शेवटपर्यंत एका ओघात उतरलेली. २.९ लिटरचं आठ सिलिंडरचं सुपरचार्जर लावलेलं इंजीन. चालक फ्रान्सचा रेमों सोमेर आणि इटलीचा क्लेमेंते बिओंदेत्ती. सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत जवळपास सहा किलोमीटरचा एकच सरळसोट रस्ता होता. अशा रस्त्यावर बंद, आखीव गाडीचा कस लागतो. रात्रभर अल्फा पुढेच होती. रविवारी दुपारपर्यंत तिने दहाहून अधिक फेऱ्यांची आघाडी घेतली. दीडशे किलोमीटरच्या आसपासची आघाडी, तीही चोवीस तासांच्या शर्यतीत!

मग पूर्ण वेगात टायर फुटला. सोमेरने गाडी कशीबशी सावरली, दुरुस्ती झाली, ती पुन्हा निघाली. पण थोड्याच वेळात इंजिनाच्या व्हॉल्व्हने दगा दिला आणि गाडी थांबली. शर्यत देलाहाय कंपनीच्या गाडीने जिंकली. वेगाचा हा दुसरा धडा. टायर रस्त्यावर फिरताना दर फेऱ्याला दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता साठते. वेग जितका जास्त आणि टायरमधली हवा जितकी कमी, तितका तो तापतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांच्या मुळाशीही बहुतेकदा हीच उष्णता असते. गाडीने हवेला जिंकलं, तरी रबराला फसवता येत नाही.

या अल्फाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती गाडी टिकून आहे आणि मिलानजवळ आरेझेच्या अल्फा संग्रहालयात आहे. पुढे कधीतरी तिला पिनिनफारिना या कंपनीच्या वायुबोगद्यात उभं केलं, तेव्हा गुणांक निघाला ०.४२. डोळ्यांना ती थेंबासारखी दिसते, पण आकडा तितका चांगला नाही. कारण रेडिएटरसाठी, तेल गार ठेवण्यासाठी, ब्रेकसाठी हवा आत घ्यावी लागते आणि आत शिरलेली हवा चेचत, घुसमटत बाहेर पडते. डोळ्याला गुळगुळीत दिसणं आणि हवेला गुळगुळीत लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कधीच न झालेली शर्यत

जर्मनी आणि इटली या दोन हुकूमशाह्यांत मैत्री जुळली, तेव्हा तिची जाहिरात म्हणून बर्लिन ते रोम अशी सुमारे १,५०० किलोमीटरची शर्यत ठरली. सप्टेंबर १९३९ अखेर ती व्हायची होती. निम्मा रस्ता नवाकोरा जर्मन आउटोबान. सरळ, रुंद, वेगाला पूर्ण मोकळा. हवेची विद्या शिकलेल्यांसाठी याहून चांगलं मैदान नव्हतं.

मर्सिडीजने आपल्या ५४० के च्या अवजड सांगाड्यावर एक बंद प्रवाहरेखित गाडी तयार केली. ५.४ लिटरचं इंजीन, सुपरचार्जर चालू असताना १८० अश्वशक्ती आणि वेग ताशी १८५ किलोमीटर. ही गाडी पुढे डनलॉपकडे टायर तपासायला गेली. अलीकडे तिचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा आधुनिक वायुबोगद्यात तिचा गुणांक ०.३६ भरला.

पण खरी हुशारी दिसली ती फर्डिनांड पोर्शच्या टाइप ६४ मध्ये. तिच्या पोटात सामान्य लोकांसाठी आखलेल्या फोक्सवॅगनचंच चार सिलिंडरचं, ९८५ सीसीचं इंजीन होतं, थोडं सुधारलेलं. ताकद तीस ते चाळीस अश्वशक्तीच्या दरम्यान. आजच्या मध्यम मोटारसायकलीएवढी. मूळ फोक्सवॅगन ताशी १०० च्या आसपास जायची. हीच यंत्रणा टाइप ६४ च्या ॲल्युमिनिअमच्या अंगरख्यात बसवल्यावर १४० च्या पुढे गेली. एर्विन कोमेंडाने आखलेली ही बॉडी इतकी अरुंद होती की दोघांना खांद्याला खांदा लावून बसणं शक्य नव्हतं. म्हणून चालकाच्या शेजारचं आसन थोडं मागे सरकवलेलं. चारही चाकं झाकलेली, पोट बंद, छत बुबुळासारखं घट्ट बसवलेलं. अशा तीन गाड्या झाल्या.

१ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि शर्यत रद्द झाली. तीनपैकी एक गाडी १९४९ मध्ये ऑटो माथे या ऑस्ट्रियन चालकाने घेतली. मोटारसायकलच्या अपघातात त्याचा उजवा हात निकामी झाला होता. एका डाव्या हाताने स्टेअरिंग आणि गिअर दोन्ही सांभाळत त्याने ती वर्षानुवर्षं पळवली आणि १९५० ची आल्पाइन रॅली जिंकली. पोर्शच्या पुढच्या अनेक गाड्यांची पाठ याच तीन गाड्यांवरून उतरली आहे.

युद्ध सुरू असताना

१९३८ च्या मिल्ले मिल्यात बोलोन्याजवळ एक लान्चिया गाडी ट्रामच्या रुळांवर उसळून गर्दीत घुसली. दहा प्रेक्षक मेले. त्यात सात मुलं होती. मुसोलिनीने सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींवर बंदी घातली. १९४० मध्ये ब्रेशियाने त्यातून वाट काढली: ब्रेशिया, क्रेमोना, मान्तोवा हा त्रिकोणी सपाट रस्ता बंद करून त्यावर नऊ फेऱ्या, एकूण १,४८५ किलोमीटर. दिवस २८ एप्रिल. फ्रान्सवर जर्मनीचा हल्ला व्हायला दोन आठवडेही उरले नव्हते.

बीएमडब्ल्यूने ३२८ या दोन लिटरच्या गाडीचा ताफा आणला. त्यात तूरिंगने बनवलेली एक हलकी कूपे होती; आदल्या वर्षी ले मांला ती दोन लिटरच्या गटात पहिली आणि एकूण पाचवी आली होती. वजन आठशे किलोच्या आतबाहेर, ताकद सुमारे १३५ अश्वशक्ती, वेग ताशी २२० च्या घरात. हुश्के फोन हान्श्टाइन आणि वाल्टर बॉयमर यांनी ती ताशी १६६.७ किलोमीटरच्या सरासरीने पळवून शर्यत जिंकली. अडीच लिटरची अल्फा दुसरी आली. बीएमडब्ल्यूकडे कामच्या सल्ल्याने बनलेली, शेपटी छाटलेली आणखी एक कूपे होती. तिचा गुणांक ०.२५ आणि वेग २३० पर्यंत. आजच्याही बऱ्याच गाड्यांना लाजवेल असा हा आकडा. पण ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. हवा जिंकणं हा एक भाग झाला, यंत्र टिकणं हा दुसरा. हान्श्टाइनच्या अंगावरच्या पोशाखावर नाझींच्या एसएस दलाची खूण होती, हेही विसरू नये. पत्र्याच्या वळणात जेवढं विज्ञान होतं, तेवढंच त्या विजयाभोवती राजकारण होतं.

छत आणि वारा

बंद गाडीचं एक मोल वायुबोगद्यात मोजता येत नाही. १९४७ च्या मिल्ले मिल्यात पंचावन्न वर्षांच्या उंबरठ्यावरचा ताझिओ नुव्होलारी हा चालक चिसितालिया या उघड्या छोट्या गाडीतून सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस कोसळला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं आणि त्याची मिनिटं वाया गेली. बिओंदेत्ती मात्र युद्धापूर्वीच्याच ८सी २९००बी च्या बंद कूपेत कोरडा बसून पुढे निघून गेला आणि जिंकला. सुपरचार्जर काढलेले, इंजीन नरमलेलं. छप्पर मात्र तसंच होतं.

आखीव आकाराला धोकाही असतो. जानेवारी १९३८ मध्ये फ्रांकफुर्ट-डार्मश्टाट रस्त्यावर मर्सिडीजच्या काराच्योलाने ताशी ४३२ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच दिवशी तो मोडायला निघालेल्या बेर्न्ट रोझेमायरची आउटो युनिऑन गाडी बाजूच्या वाऱ्याच्या झोताने रस्त्याबाहेर भिरकावली गेली आणि तो ठार झाला. समोरच्या वाऱ्याला छान वाट देणारा लांब, बंद पत्रा आडव्या वाऱ्याला शिडासारखा अडवतो. म्हणून आज गाडी आखताना गुणांकाबरोबर आडव्या वाऱ्याचीही परीक्षा होते.

होळकरांची वाट

वेगाची हौस आपल्याकडेही होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन ड्यूझनबर्ग एसजे मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून उघडी दोन आसनांची बॉडी चढवून घेतली. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजीन, सुपरचार्जर आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. पुढे भलंमोठं उभं रेडिएटर, ताटाएवढे दिवे. माणिकबागसारखा आधुनिक राजवाडा बांधणाऱ्या रसिकाला शोभेल अशी गाडी, यात शंका नाही. पण वाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी वाट होती: हवेशी तडजोड करायची नाही, दांडग्या ताकदीने तिला ढकलायचं. ज्याच्याकडे तेलाचा आणि इंजिनाचा हिशेब विचारणारं कुणी नाही, त्याला ती वाट परवडते. गटाच्या नियमात दोन लिटरवर अडकलेल्या मिलानच्या आणि बीएमडब्ल्यूच्या कारागिरांना ती परवडत नव्हती, म्हणून ते शेपटीकडे वळले.

विजेवर चालणारी गाडी बनवणाऱ्यांना आज पुन्हा तशीच मर्यादा येऊन भिडली आहे. तेव्हा मर्यादा इंजिनाच्या आकारमानाची होती, आता बॅटरीची आहे. बॅटरी मोठी केली तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. त्यामुळे एका चार्जमध्ये जास्त अंतर काढायचं तर रोध कमी करणं हाच स्वस्त उपाय. पुण्याजवळ चाकणला बनणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई बाजूने पाहा. एवढी उंच गाडी, पण छत मागे उतरत जातं आणि अखेरीस छाटल्यासारखं संपतं. तिला कूपे म्हणून विकतात. जाहिरात दिसण्याची असली, तरी गणित यारायचं आणि कामचं आहे.

ज्यांच्याकडे नवी गाडी नाही, त्यांनाही हे गणित कामाला येतं. आष्टीहून परतूरमार्गे जालन्याला जाताना ताशी ८० ऐवजी १०० ने गेलं, तर हवेचा रोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. छतावर कॅरिअर लावून त्यावर सामान बांधलं, तर त्यात आणखी भर. टायरमधली हवा कमी असेल, तर दुसऱ्या बाजूनेही भुर्दंड बसतो. या कशालाही वायुबोगदा लागत नाही.

शोरूममध्ये मात्र गिऱ्हाईक गाडीच्या नाकासमोर उभं राहतं. जाळी किती रुंद, दिवे किती भेदक, हे बघून सौदा ठरतो. तेलाचं किंवा विजेचं बिल कमी यावं असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा गाडीच्या मागे जाऊन उभं राहावं आणि छप्पर कसं उतरतं ते पाहावं. मिल्ले मिल्या जिंकणाऱ्या कारागिरांनी सगळी अक्कल तिथेच खर्च केली होती.